फुलीचा स्क्रू

रविवार, १६ नोव्हेंबर
वर्कशॉपमधून

ती. दादास,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र पेपरखाली सरकवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून वहिनीला आधीच फोन करून ठेवलाय. वहिनी, त्याने कानात बोटं घातली तरी मोठ्याने वाच.

इकडे सगळं छान आहे. गुडघा जिन्यावर कुरकुर करतो, पण माझ्यापेक्षा कमीच. वर्कशॉपचं छत गळायचं थांबलं. बंदुकांचे लाकडी दस्ते करणारे सुतारमामा अजून रोज माझ्याशी भांडतात आणि रोज माझ्याच डब्यातलं खातात. कामाला तोटा नाही. खरं सांगू का, मी सुखात आहे. हे तुला लिहायला जरा अवघडच वाटतं, कारण तू शेवटचं समोरासमोर बोललास तेव्हा मी सहा महिन्यांत रडत परत येईन असं म्हणाला होतास.

नवीन सिनेमाचं शूटिंग परवाच संपलं. पहिल्या महायुद्धातला, आणि भुताचा. हसू नकोस. बॉम्बगोळ्यांनी अर्धं पडलेलं एक घर, तळघरात लपलेली एक नर्स, आणि वरच्या मजल्यावर रायफल घेऊन फिरणारा मेलेला शिपाई. एवढीच गोष्ट. पण सगळ्या बंदुका मी बनवलेल्या, आणि एकूण एक त्या काळाला धरून.

डायरेक्टरने पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवलं. माणूस गोड आहे, पण त्याला सगळं भरपूर लागतं. धूर भरपूर, रक्त भरपूर, गोळ्या भरपूर. म्हणाला, "ताई, भूत जिना उतरतंय आणि धडाधड गोळ्या झाडतंय."

म्हटलं, "ही रायफल धडाधड झाडत नाही. एक गोळी झाडली की हा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलायचा, मग दुसरी. अशा पाच. मग परत भरायची."

"अहो, तो मेलाय! मेलेल्याच्या कसल्या गोळ्या संपतात?"

"तो मेलाय. बंदूक नाही मेली."

सगळं युनिट हसलं. तो मात्र नाही हसला. मला म्हणतो, भुताच्या सिनेमात इतिहासाचा तास कशाला? दादा, तू तिथे असतास तर त्याची सालटी काढली असतीस. मी काढली नाहीत. वयाने आलेलं शहाणपण म्हण किंवा गुडघा म्हण. त्याला म्हटलं, पाच मिनिटं दे आणि नर्सबाईंबरोबर खाली तळघरात जाऊन बस. दिवे बंद केले आणि भुताचं काम करणाऱ्या नटाला वर लाकडी जमिनीवर उभं केलं. नुसत्या आवाजाची काडतुसं होती. तो माझ्या सांगण्याप्रमाणे सावकाश एकेक झाडत गेला. बार, बोल्ट, पुंगळी पडून घरंगळली. परत बार, बोल्ट, पुंगळी. पाचव्यानंतर सगळं शांत. त्या शांततेत तो घाई न करता, कामावर आलेल्या माणसासारखा, नवीन गोळ्या आत सरकवायला लागला. एक. दुसरी. तिसरी.

खाली नर्सबाईंनी डायरेक्टरचा दंड गच्च धरला. "तो परत भरतोय," त्या पुटपुटल्या. हे वाक्य पटकथेत नव्हतं. आता आहे. शिवाय ही सगळी कल्पना आपलीच, असं डायरेक्टर जो भेटेल त्याला सांगत सुटलाय. सांगू दे बिचाऱ्याला.

बंदूक खोटी वाटली की भूतही खोटं वाटतं, असं तू म्हणायचास. तू दहावीत होतास आणि मी सहावीत. आपण दोघं सतरंजीवर पालथे पडून टीव्हीवर भुतांचे सिनेमे बघायचो. भूत आलं की मी तोंडावर उशी घ्यायचे, आणि तू म्हणायचास, "अगं, उशी काढ. त्याच्या हातातली मशिनगन लढाई संपल्यावर वीस वर्षांनी निघाली. त्याला काय घाबरायचं?" झालं, माझी भीती पळायची. मग मीही चुका शोधायला लागले. दोघांनी मिळून वर्कशॉप काढायचं ठरलं होतं, आठवतं? पाटीचा रंगसुद्धा ठरला होता.

मग तुला म्युझियममध्ये नोकरी लागली. ती तू घेतलीस, आणि बरोबर केलंस असं मला आता वाटतं. तेव्हा नव्हतं वाटलं. तू म्हणालास, "तू खोट्या बंदुका कर, मी खऱ्या सांभाळतो." मी म्हणाले, "तुझ्या काचेत पडून राहतात, माझ्या निदान चालतात." जीभ दोघांचीही एकाच घरातली. एवढ्यावरून इतकी वर्षं गेली, कमाल आहे आपली.

पण तुझी कार्डं यायची. आधी त्यांचा राग यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, खाली सही नाही. सिनेमा लागला की पंधरवड्यात पोस्टमन हजर. "खांद्याचा पट्टा कॅनव्हासचा. त्या पलटणीत चामड्याचा होता." दुसऱ्या एका वर्षी, "संगीन उलटी बसवली आहे. भाजी चिरायची आहे का?" आणि माझं सगळ्यात लाडकं, "भूत शंभर वर्षांपूर्वी मेलेलं. हातातली बंदूक त्याच्या मरणानंतर निघालेली. त्याला मिळाली कुठून?" हे वाचून मी इतकी हसले की सुतारमामा करवत टाकून धावत आले. ते अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

त्या कार्डांनीच मला शिकवलं, दादा. एकदा चुकलेली गोष्ट मी पुन्हा चुकले नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला.

थांब, चहा घेऊन येते.

आले. चहा दोनदा घेतला, टेबल पुसलं, कानशी आकाराप्रमाणे लावल्या. आता लावायला काही उरलं नाही, तेव्हा लिहितेच.

गेल्या वर्षीचा आमचा सिनेमा तू पाहिलास. वहिनीने सांगितलं, दोनदा पाहिलास. त्यात मी डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. पट्टे, संगिनी, दस्त्यांवरचे शिक्के, सगळं. सिनेमा लागला आणि मी पोस्टमनची वाट बघायला लागले. पंधरवडा गेला, महिना गेला. पोस्टमन यायचा, विजेचं बिल टाकून जायचा. शेवटी वहिनीला विचारलं, दादा काही म्हणाला का गं? ती म्हणाली, "काही नाही. दुसऱ्यांदा बघून आला, जेवला, आणि खिडकीत बसून राहिला. मी विचारलं, कुठे चुकलं का तिचं? तर म्हणाला, नाही. कुठेच नाही."

आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही. आणि एवढं वाईटही कधी वाटलं नाही. माझ्याकडून चूक झाली नाही, म्हणून तुझ्याकडून शब्द आला नाही. त्या दिवशी मी वर्कशॉपला कुलूप लावलं आणि नदीकाठी जाऊन चक्क रडले. एवढी घोडी झाल्येय, पण रडले.

म्हणून या सिनेमात मी मुद्दाम चूक घातली.

ऐक, ओरडू नकोस. भूत तळघराच्या दारावर रायफलीच्या दस्त्याने ठोकतं, असा एक शॉट आहे. दस्त्याचं बूड थेट कॅमेऱ्यावर येतं, सगळा पडदा भरतो. त्या बुडावर लोखंडी पट्टी असते आणि तिला दोन स्क्रू. त्या काळात त्यांच्या डोक्यावर एकच सरळ खाच असायची. मी वरचा काढला आणि आपल्या घराघरांत असतो तो फुलीचा बसवला, म्हणजे डोक्यावर अधिकच्या खुणेसारखी खाच असलेला. तसा स्क्रू निघायला ते युद्ध संपून बरीच वर्षं जावी लागली. जगात कुणाच्या लक्षात येणार नाही. तुझ्या येणार. तू घरी जाऊन कार्ड काढणार आणि लिहिणार, "महायुद्धात फुलीचा स्क्रू? लाज वाटते का?" आणि मला ते मिळणार. एवढाच माझा डाव होता.

शॉट झाला. एका फटक्यात झाला, आणि असा झाला की नर्सबाईंची किंकाळी खरीच निघाली. डायरेक्टर टाळ्या पिटत उठला. मी मॉनिटरजवळ उभी होते. पडद्यावर तो स्क्रू, एवढा मोठ्ठा. मला वाटलं होतं गंमत वाटेल. पण वाटली नाही. तुझा चेहराच दिसला, अंधारात थिएटरच्या खुर्चीत पुढे वाकलेला. वाटलं, हा आता हसणार नाही. हा म्हणणार, गेल्या खेपेला जमलं होतं हिला, आता हात ढिला पडला.

मी ओरडले, "परत घ्या!"

"ताई, वेड लागलंय का?" डायरेक्टर म्हणाला. "काय झालं?"

"स्क्रू चुकीचा आहे."

"कुणी बसवला?"

"मीच. मुद्दाम."

मग सांगावं लागलं. सगळ्यांसमोर, लाईटवाले, मेकअपवाली, सगळे ऐकत होते. माझ्या भावाने चूक काढावी म्हणून बसवला, तो नाहीतर लिहीत नाही. कुणी हसलं नाही. भूत बाजूच्या खोक्यावर बसून नळीने चहा पीत होतं, मेकअपने त्याचा अर्धा जबडा गळून पडलेला दाखवला होता ना. ते म्हणालं, "माझीपण बहीण बोलत नाही हो." आणि एवढा भेसूर मेकअप असून त्याच्याकडे बघून सगळ्यांना भडभडून आलं.

डायरेक्टर जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "मग राहू दे ना ताई. दुसरं कोण बघणारे?"

"दुसरं कुणी नाही. तो बघणार आहे. म्हणूनच काढायचा."

मी तिथेच खाली बसले, फुलीचा काढला, सरळ खाचेचा पिळला. शॉट परत घेतला. नर्सबाई दुसऱ्यांदा तेवढ्या चांगल्या किंचाळल्या नाहीत. पण स्क्रू बरोबर आहे.

तर अशी गोष्ट. या सिनेमात तुला काही सापडणार नाही. भूत रायफल उचलतं तेव्हा उगाच "खटॅक" वाजणार आहे, तेवढं सोड. ते आवाजवाल्याचं पाप आहे. नुसत्या उचलण्याने बंदूक वाजत नाही, असं त्याला कानीकपाळी ओरडून सांगितलं. तो म्हणतो, वाजली नाही तर लोकांना काठी वाटेल.

वहिनी म्हणाली, तू या महिनाअखेर निवृत्त होतोयस. तुझ्या जागी आलेली मुलगी बंदुका ओल्या फडक्याने पुसते, म्हणून तुला झोप लागत नाही, असंही म्हणाली. आणि हा माणूस दिवसभर घरी बसला तर माझे मिक्सर, कुकर, शिलाई मशीन सगळं उघडून ठेवेल, असं म्हणून तिने कपाळावर हात मारला. फोनवरसुद्धा ऐकू आला.

दादा, वर्कशॉपमधलं खिडकीजवळचं टेबल मी कुणाला दिलेलं नाही. नीट प्रकाश येतो तिथे. त्याच्यावर काय करायचं ते तूच ठरव. रोज ये, आठवड्यातून एकदा ये, नुसता सुतारमामांशी भांडायला ये. ते तुझ्या वळणाचे आहेत, जमेल तुमचं. मला कामाला माणूस नको आहे, माणसं आहेत. मला तू हवा आहेस. इतकी वर्षं तुझ्या चार ओळींवर काढली, आता नाही निघत.

कार्डाची वाट बघणार नाहीये मी. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येते. वहिनीला माहीत आहे, तिने उगाच आश्चर्याचं नाटक केलं तर विश्वास ठेवू नकोस. मी बेल वाजवेन. दार तिने उघडायचं नाही, असं आमचं ठरलंय. ती स्वयंपाकघरात बसून राहील. मी बाहेर उभी राहीन. उघडायचं ते तू उघड.

सगळे मला ताई म्हणतात. तू ठेवलेल्या नावाने कुणी हाक मारून किती वर्षं झाली. दारात मारशील?

तुझीच,
काडतूस