त्यानं काय म्हणलं ते सांग

अण्णा, तुमच्या त्या स्पॅनिश बाबाची पोथी यंदा श्रावणात आपल्या मारुतीच्या देवळात लागली आणि गावानं ती डोक्यावर घेतली. आधी हे सांगून टाकते, कारण मला दम निघत नाही. त्याचं नाव तुमच्या जिभेवर कधीच बसलं नाही, म्हणून तुम्ही त्याला बाबा म्हणायचात, जणू एखादा साधू तेरणेच्या काठाकाठानं चालत आपल्याकडं यायचा आहे. साता समुद्रापलीकडचा, स्पॅनिशमध्ये गोष्टी, कविता आणि निबंध लिहिणारा, जगानं गुरू मानलेला तो माणूस. तो तुमच्याही आधी गेला. आता तुम्ही दोघं एकाच गावी असाल तर त्याला माझा निरोप द्या, की तुझी भिंत आमच्याकडं उभी राहिली.

मला तो दिवस अजून दिसतो. मी पुण्याहून सुट्टीला आलेय. स्पॅनिश शिकतेय ती काही साहित्यासाठी नाही, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करून पोट भरावं म्हणून, पण आमच्या शिक्षिकेनं या लेखकाचं पुस्तक हातात दिलंय आणि तेव्हापासून मी जागेवर नाही. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही नुकतेच शेतातून आलायत, हातपाय धुऊन पाटावर बसलायत. मी उंबऱ्यात पाय पसरून वाचतेय. तुम्ही विचारता, "काय वाचायलीस?" मी म्हणते, गोष्टय, तुम्हाला नाही कळायची, परकी आहे. तुम्ही शांतपणे कांदा फोडता आणि म्हणता, "वाच की. आधी त्याच्या बोलीत वाच, मग अर्थ सांग."

श्रावणात देवळात तुम्ही हेच तर करायचात. वाचणारा ओवी वाचायचा, ती जुन्या मराठीतली ओवी निम्म्या गावाला कळायची नाही, मग तुम्ही तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचात, आणि समोर बसलेले तुमचे दोस्त तात्या प्रत्येक वाक्याला "हूंऽ" असा हुंकार द्यायचे. हुंकार आला की सगळ्यांना पोचलं असं समजायचं आणि पुढं जायचं. नाही आला की तुम्ही तेच पुन्हा सांगायचात, दुसऱ्या तोंडानं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी वाचणारी आणि अर्थ सांगणारीही झाले, आणि हुंकार द्यायला आई. तुम्ही डोळे मिटून स्पॅनिश ऐकलंत. एक शब्द कळत नसताना माणूस इतक्या आदरानं ऐकू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. दोन भाऊ भांडतात, घराची वाटणी होते, आणि मधून भिंत घालायला एक गवंडी बोलावतात. गवंडी एक दिवस थोरल्याकडं जेवतो, एक दिवस धाकट्याकडं. इकडच्या पोराला दात आल्याची बातमी तिकडं नेतो, तिकडच्या म्हशीचा आजार इकडं सांगतो. भिंत काही कमरेच्या वर जात नाही, आणि एकही भाऊ त्याला घाई कर म्हणत नाही. मी रंगात आले आणि म्हणाले, इथं लेखकाला असं सुचवायचंय की माणसामाणसांतला दुरावा ही एक... तुम्ही हात वर केलात. "लेखकाला काय म्हणायचंय ते ऱ्हाऊ दे, बाई. त्यानं काय म्हणलं ते सांग." मला झोंबलं. कॉलेजात मला याच असल्या वाक्यांना मार्क मिळत होते. मी फुगून बसले, आईनं भाकरी ताटात टाकली, आणि मग मी खालच्या मानेनं नुसती गोष्ट सांगायला लागले. गवंडी भावांना विचारतो, भिंत किती उंच घालू, तिथं तुम्ही मला पुन्हा अडवलंत, घास गिळलात आणि काहीतरी बोललात. आईला हसू आवरेना, पिठाचा हात तिनं तोंडावर धरला. त्या बोलण्याचं मी पुढं सांगते.

मी परत निघाले त्या दिवशी तुम्ही ढोकीच्या बाजारातून लाल कापड आणलंत. पोथीला बांधतात तसलं बासन, चारी कडा आईकडून शिवून घेतलेलं. "पुस्तक असं उघडं पिशवीत कोंबून नेत असतेत व्हय?" म्हणालात आणि परक्या मुलखातलं, गुळगुळीत कव्हराचं ते पुस्तक तुम्ही गाठ मारून माझ्या हातात दिलंत. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुठली पोथी? मी म्हणाले, लांबची आहे.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी ते पुस्तक मराठीत आणायला घेतलं. दिवसा यंत्रांचे स्क्रू आणि वंगण, पहाटे हा बाबा. गोष्टी झाल्या, कविता झाल्या, चार निबंध झाले. पुण्यातल्या एका प्रकाशनाच्या संपादक बाईंनी वाचलं. बाई मोठ्या जाणत्या, उगाच वाईट बोलणाऱ्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काम स्वच्छ आहे, पण एक सांगू? हे सगळं काचेच्या कपाटातलं वाटतं. आपल्या माणसाला हे आपलं वाटेल का? तसं वाटणार नसेल तर मी छापणार नाही." घरी येऊन मी खूप चिडचिड केली. मग मनात आलं, बाईंना विचारायचं होतं ते मी तुम्हालाच विचारलं असतं. तुम्ही नाही, पण देऊळ आहे, तात्या आहेत. मी बाईंना म्हणाले, आमच्या गावाला चला. तिथं हुंकार आला तर छापा, नाही आला तर मी स्वतः ते सगळं माळ्यावर टाकते. बाई हसल्या आणि आल्या.

श्रावणातली पोथी समाप्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी देऊळ मोकळं होतं. सरपंचांनी हौसेनं खुर्च्या मांडल्या, माईक लावला, मला आणि बाईंना हार घातले. मी खुर्चीत बसून गवंड्याची गोष्ट मराठीत वाचली, नीट, ठसक्यात, सगळे विराम सांभाळून. अण्णा, एक हुंकार नाही. पुढच्या रांगेत तात्या बसलेले, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. गोष्ट संपली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा घेतला. बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "छान वाचलंस." त्या छानचा अर्थ मला कळत होता.

घरी आईनं मला बसवून घेतलं. ती आता थकलीये, पण जीभ तशीच आहे. "खुर्चीत बसून माईकवर बोललं की त्याला भाषण म्हणतेत. भाषणात कोण हुंकार देतंय? आमी सगळे गप बसलाव, मान ठिऊन." तेवढ्यात तात्या काठी टेकत दारात आले. ते माझ्यावर रागावलेलेच होते. "मूळ पोथी वाचलीच न्हाईस तू. नुसता अर्थ सांगितलास. मूळ न ऐकता अर्थ ऐकायचा म्हंजे नवरदेव न बघता अक्षता टाकायच्या का? तुजा बाप असं कवाच करला नसता."

मी म्हणाले, "तात्या, मूळ स्पॅनिश आहे. कुणाला कळणार?"

"मग ओवी तरी कुणाला कळत व्हती?" ते म्हणाले. "कळत न्हाय म्हणून तर तुजा बाप व्हता."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी देवळात खाली घोंगडीवर बसले. पुढं चौरंग, चौरंगावर लाल बासन सोडून उघडलेलं मूळ पुस्तक, बाजूला माझी मराठी पानं. माईक नाही, हार नाही. बाईसुद्धा खाली, आईच्या शेजारी मांडी घालून. मी पहिलं वाक्य स्पॅनिशमध्ये वाचलं. लिंबाच्या झाडावरचे पोपट तेवढे ओरडतायत. आणि तात्यांनी डोळे मिटून, अगदी तुमच्यासारखे डोळे मिटून, दिला की हुंकार! स्पॅनिशला! मग मी मराठी सांगितली आणि मागून बायकांचा, मग माणसांचा, सगळ्या देवळाचा "हूंऽ" आला. मी थांबले नाही, थांबायची सोयच नव्हती, हुंकार मला पुढं ढकलत होता.

गवंडी थोरल्याकडं जेवायला बसला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "आता हा तिकडं जाऊन सांगतोय बघा." गवंड्यानं खरंच तिकडं जाऊन सांगितलं. देऊळ हसलं. एका मामांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं, "तुमच्या वाटणीला असला गवंडी घावाया पायजे व्हता." मग गवंडी विचारतो, भिंत किती उंच घालू? मी स्पॅनिश वाचलं. मग मराठी सांगितलं. थोरला म्हणतो, जेवताना एकमेकांच्या ताटातलं दिसेल एवढीच घाल.

अण्णा, देवळात जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी हशा पिकला, मग तो एकदम विरला, आणि ज्यांच्या घरात मधून भिंती गेल्यात अशी किमान निम्मी माणसं खाली बघायला लागली. एका काकूंनी पदर डोळ्याला लावला. पुढं गवंडी म्हातारा होऊन मरतो, दोघं भाऊ अर्धवट भिंतीपाशी येतात, थोरला थापी उचलतो, धाकटा ओळंब्याची दोरी धरतो, आणि थर काही कुणाला लावता येत नाही, मग दोघं त्या भिंतीवरच बसतात. गोष्ट संपली. टाळी एक नाही. तात्या म्हणाले, "आजून हाय का त्याच्यापशी?"

होतं की! मी सावलीवरचा निबंध काढला. त्यात तो म्हणतो, माझं झाड तुझ्या जमिनीवर सावली टाकतं, ती सावली कुणाची? झाडवाल्याची नाही, जमीनवाल्याची नाही, जो दमलाय त्याची. इथं हुंकार नाही, सरळ भांडणच पेटलं. "दमलेला बसून जाईल वो, त्या सावलीनं माजी ज्वारी पिवळी पडतीय त्येचं काय?" "त्याला म्हणावं, हितं येऊन बांधाकडंला पेरून बघ एकदा." "खरं बोललाय त्यो, तुलाच उमगंना!" बाई माझ्याकडं बघत राहिल्या. हयात नसलेल्या, जगानं देव्हाऱ्यात बसवलेल्या त्या लेखकाशी आपली माणसं बांधावरच्या शेजाऱ्यासारखी हुज्जत घालत होती, आणि यापेक्षा मोठा मान त्याला कुठं मिळाला असेल असं मला तरी वाटत नाही. मी छाती फुगवून बसले होते, खोटं कशाला बोलू. शेवटी आईनं एक कविता मागितली. दारात उभं राहून पोराला जेवायला हाक मारणाऱ्या आईची ती कविता आहे. आईनं ती मला दोनदा वाचायला लावली, दुसऱ्यांदा फक्त स्पॅनिशमध्ये. "अर्थ ऱ्हाऊ दे आता," म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत बाई माझी मराठी पानं मांडीवर घेऊन येडशीच्या घाटापर्यंत चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "छापायचं. आणि जसं तिथं सांगितलंस तसंच छापायचं, माझ्या टेबलावर दिलंस तसं नाही." पुस्तक आता तयार आहे. मुखपृष्ठ लाल आहे, त्या बासनाच्या रंगाचं, तो माझा हट्ट. मागच्या बाजूला बाईंनी ताटातलं दिसण्याचं ते वाक्य मोठ्या अक्षरात टाकलंय. त्या भेटेल त्याला सांगत असतात, या एका वाक्यावरून कळतं जग याला गुरू का मानतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. पहिल्या प्रतीत घालून बासनाला गाठ मारते आणि तुमच्या कोनाड्यात ठेवते. एवढंच राहिलंय सांगायचं. त्या पुस्तकात गवंडी विचारतो, भिंत किती उंच घालू, तेव्हा दोघं भाऊ गप्प बसतात. मूळ गोष्टीत ते काहीसुद्धा बोलत नाहीत. ताटातलं दिसेल एवढीच, हे तुम्ही बोलला होतात, घास गिळून, पाटावर बसून. मराठीत आणताना मी ते पहिल्यापासूनच थोरल्याच्या तोंडी घातलं. देवळात मी ते वाचलं तेव्हा सगळे हसले, फक्त तात्या हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि हुंकार दिला. त्यानं काय म्हणलं ते सांग, असं तुम्ही बजावलं होतंत. अण्णा, बाकी सगळं पुस्तक मी त्यानं म्हटलं तसंच सांगितलंय. तेवढं एक वाक्य मी बाईंना सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही.