प्रियांकाची बाटली

थायलंड, एप्रिल २००५

भीमाआत्या, जय भीम.

सायकलच्या शर्यतीचा तिसरा दिवस झाला, अजून दोन राहिलेत. घरी तुमी समजताय की मी जिंकायला आलेय. तसं नाय गो. आमच्या टीममध्ये जिंकायचं एकीनंच, वैशाखरे गावच्या प्रियांकानं. बाकीच्या पोरी पुढं राहून तिच्यासाठी वारा अडवतात. मी मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेते आणि तिला नेऊन देते.

आपल्या शेणव्याच्या रस्त्यावर सायकल शिकवताना, माझी सीट धरून पळताना तू म्हणायचीस, "कुठंबी जा, पण कुणासाठी पाणी वाहू नको." तुझ्या लहानपणी तू विहिरीपासून लांब उभी राहायचीस, कोणीतरी वरून ओतेल म्हणून.

ही प्रियांका तीच. माळशेज घाटात सरावाला जाताना तिच्या घरी थांबलो, तेव्हा तिच्या आईनं मला अंगणातच थांबवून ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. तेव्हा प्रियांका खाली बघत होती.

आज चढावर तिला बाटली द्यायच्या आधी मी तिच्यासमोरच तोंड लावून एक घोट प्यायले. तिनं बघितलं. बाटली घेतली, तशीच तोंडाला लावली आणि म्हणाली, "अजून आण."

मला बरं वाटलं की राग आला, तेच कळत नाय. ती तहानेनं प्यायली की मुद्दाम? आणि मी तरी तो घोट तहानेनं घेतला का?

उद्याही पाणी मीच नेणार. हे पत्र टाकणार नाय. फोनवर सांगेन, मी प्रियांकासाठी वारा अडवते. वाऱ्याबद्दल तू कधी काय बोलली नव्हतीस.

तुझीच,
वंदी