दुपारीच गार पडणारा हीटर

पीटरहेड,
१४ नोव्हेंबर

प्रिय फिनले,

आठ वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न उघडताच फेकून देऊ नकोस. भांडायला लिहीत नाहीये. आईच्या हीटरबद्दल सांगायचंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

बैठकीतलं ते धूड तुला आठवत असेल. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा त्याच्या पोटातल्या विटा तापायच्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती ऊब पुरायची. सप्टेंबरपासून तो दुपारीच गार पडायला लागला. ऑक्टोबरात नर्स आली तेव्हा आई खुर्चीत बसलेली, ओठ निळे पडलेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा अशी गारठलेली सापडली तर वृद्धाश्रमात हलवावं लागेल. आईने ते ऐकलं. कान तेवढे शाबूत होते तिचे. "मला इथून काढायचं तर शवपेटीतूनच काढा," म्हणाली.

मग मी हात धुऊन त्या हीटरच्या मागे लागले. भिंतीवरचं बटण पाहिलं, फ्यूज बदलला, मीटरवरचं रात्रीचं घड्याळ तपासलं. शेवटी बुकनला बोलावलं. तोच, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि आता गावभर वायरी जोडत फिरतो. त्याने एकेक वीट काढून वर्तमानपत्रावर मांडली, आतल्या तारा तपासल्या, पुन्हा सगळं रचलं आणि म्हणाला, "अगं इशबेल, हा ठणठणीत आहे. तू-मी जाऊ, हा राहील." तरी दुपारी हीटर गारच. बिचारा बुकन दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच आपणहून आला. खोली भट्टीसारखी तापलेली आणि हीटरच्या वरची झडप सताड उघडी! "रात्रभर सगळी ऊब बाहेर जातेय," म्हणाला. "झोपताना ही बंद हवी. कोण उघडतंय?"

घरात दुसरं होतं कोण? आईने लगेच कबूल केलं. लपवण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही. "मीच उघडते. बोट चारला लागते ना. पोरगं भिजून येतं."

तू मासेमारीच्या बोटीवर जायचं सोडलंस त्याला अकरा वर्षं झाली, फिनले. मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. राग आला. इतकी वर्षं मी तिचे पाय चोळले, नखं कापली, सूप भरवलं, आणि माझं नाव ती निम्म्या वेळा विसरायची. पण तुझे पहाटेचे चार तिने एकदाही चुकवले नाहीत. तुझ्यासाठी घर तापवायचं आणि मग स्वतः दुपारभर कुडकुडत बसायचं! बुकन खाली मान घालून आपली हत्यारं आवरत राहिला.

झडपेच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी बघते तर पट्टीचे कोपरे नखांनी कुरतडलेले. "तो गारठ्यात येईल गं," आई म्हणाली. मी थकले होते, आणि तुला माहीत आहे माझी जीभ कशी आहे. म्हटलं, "तो येणार नाहीये, आई. बाबांच्या दफनानंतर चहाला सगळे जमले होते ना, तेव्हा मीच त्याला सांगितलं, या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस म्हणून." तोवर मी तिला सांगत आले होते की तू तुझ्या मनाने गेलास. ती म्हणाली, "मग पट्टी कशाला? बंदच करून टाक तो."

मी बंद केला नाही. पुढचे दोन आठवडे खोली रात्रीपर्यंत उबदार राहिली. नर्सने माझं कौतुक केलं, वृद्धाश्रमाचा विषय डॉक्टरांनी पुन्हा काढला नाही. आईने मात्र हीटरला परत हात लावला नाही आणि तुझं नावही घेतलं नाही. जेवणही हळूहळू कमी झालं.

मंगळवारी सकाळी तिच्याकडे गेले तर ती झोपेतच गेली होती. फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीबाही बोलले असते, म्हणून पत्र. दफन पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला आहे. पेटी खाली सोडायचे आठ दोर कोणाकोणाच्या हाती द्यायचे, ते आज दफनवाल्याने विचारलं. रीतीप्रमाणे डोक्याकडचा पहिला दोर मुलाचा. त्याच्या चिठ्ठीवर त्या दोरापुढे मी तुझं नाव लिहून दिलंय. बाबा तुझ्यामुळे गेले असं मी त्यांच्या दफनाच्या दिवशी म्हणाले, ते खोटं होतं. मी चुकले. दफनवाला म्हणाला, "आणि तो आलाच नाही तर? सात जणांच्या हातात पेटी कलते." मी म्हटलं, येईल.

तुझीच,
इशबेल