बिनआमसुलाचा वास

बुधवार, ८ जानेवारी

सोसायटीची नोटीस! तीही ह्यांच्या नावाने. 'श्री. चंद्रप्रकाश परब, ७०३ — आपल्या घरातून रोज संध्याकाळी मासळीचा उग्र वास येतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. एकोणीस तारखेच्या सभेत लेखी माफी मागावी.' माणूस जाऊन वर्ष झालं. आता माफी मागायला त्यांना बोलावून आणू?

शेजारी म्हणजे समोरच्या किरणबेन. या मजल्यावर दुसरं आहे कोण — त्या, मी आणि कोपऱ्यातली दिशा. आणि मासळी कसली? हे गेल्यापासून घरात सुकटसुद्धा शिरलेली नाही. एकटीसाठी खोबऱ्याचं वाटप कोण वाटणार? वरणभात, नाहीतर पेज. जे खात नाही त्याची शिक्षा! त्यांच्या नावावर माफी लिहून देणार नाही म्हणजे नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

डोकं थोडं शांत झालं. भांडून काही होत नाही, पुरावा लागतो. विक्रोळीच्या साबणाच्या कारखान्यात मी जन्मभर वास तपासले. नियम इथेही तेच. एका नाकावर विसंबायचं नाही. नाकाला आधी काही सांगायचं नाही — 'मासळीचा येतो का?' विचारलं की येणारच! नुसतं 'कसला येतो?' विचारायचं. मधे स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचा, म्हणजे नाक ताजं होतं.

माझं नाक बाद. मालवणी, शिवाय आरोपीचं! दिशाचं चालेल. आणि तक्रार करणारीचंही हवंच, नाहीतर म्हणतील आपलीच माणसं धरली. म्हणजे किरणबेनच्या दारात जाणं आलं. उद्या.

शुक्रवार, १० जानेवारी

गेले. दार अर्धंच उघडलं. 'शेवंतीबेन, मी खोटी नाय बोलत. रोज येते वास.' म्हटलं, खोटं कोण म्हणतंय? रोज साडेसातला पॅसेजमध्ये या, वास घ्या आणि माझ्याकडे येऊन सांगा. त्यांना हसूच आलं. दिशा अंधेरीहून ऑफिस करून येते, वाटलं वैतागेल. 'काकू, झकास! मी तुमचं ऑफिशियल नाक!'

सोमवार, १३ जानेवारी

शनिवारी वास होता. आजही! दोघींना वेगवेगळं विचारलं, दोघी म्हणाल्या मासळी. सोमवारी! मालवणी घरात सोमवारी मासळी शिजेल? सभेत एवढंच सांगितलं तरी पुरे, असं वाटलं. पण सेक्रेटरी देवदत्त म्हणणार, पाळत नसाल तुम्ही सोमवार. रीत म्हणजे पुरावा नव्हे.

किरणबेन आज आत आल्या. चहा घेतला. ह्यांच्या खुर्चीत बसल्या. मला वाईट वाटलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. खाली हळदीकुंकू. मला आता बोलवत नाहीत. गाणी वर ऐकू येत होती, टीव्ही मोठा केला.

साडेसातला बेल. किरणबेन, उंधियोचा डबा घेऊन. 'मला पण कोणी नाय बोलावला.' दिशा आली तेव्हा आमचं जेवणच चाललं होतं. वास घ्यायचा तिघीही विसरलो!

शुक्रवार, १७ जानेवारी



आज संकष्टी. सकाळच्या चहानंतर गॅस पेटवला नाही, आणि तरी पॅसेजमध्ये वास. दिशाला म्हटलं, नीट सांग गं. 'मासळीच काकू. पण तेल नाही, मसाला नाही. कोरी मासळी.' तेव्हा मात्र नियम मोडला, माझं नाक लावलं. खरंच — आमसूल नाही, तिरफळ नाही, तळण नाही. बिनआमसुलाची मासळी कोणाच्या घरात शिजते? वासामागून गेले. माझ्या दारापाशी विरळ, किरणबेनच्या दारापाशी दाट. आत शिरले. मेन स्विचच्या पेटीजवळ अगदी नाकात बसला. कारखान्यात एकदा मोटारीचं वायरिंग जळलं होतं, तेव्हा असाच वास आला होता! 'गीझर लावलाय?' 'रोज लावते ना, पाय शेकायला.' मेन स्विच बंद केला आणि त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं.

शनिवार, १८ जानेवारी

इलेक्ट्रिशियनने पेटी उघडली. आतून काळी ठिक्कर. 'आंटी, नशीब समजा. वाट लागली असती सगळ्या मजल्याची.' किरणबेन माझा हात धरून रडल्या.

रविवार, १९ जानेवारी

सभा. माफी किरणबेननीच मागितली, सगळ्यांसमोर, मान खाली घालून. नोटीस रद्द. टाळ्या झाल्या. घरी येऊन ह्यांच्या फोटोला सांगितलं — जिंकले हो.

सोमवार, २० जानेवारी

साडेसातला तीन कपांचं आधण ठेवलं. कोणी आलं नाही. येतील कशाला? काम संपलं.

गुरुवार, २३ जानेवारी

लिफ्टमध्ये दिशा भेटली. 'केस सॉलिड झाली ना काकू! येते कधीतरी.' कधीतरी.

किरणबेनना मी दिसले की त्या पटकन दार लावून घेतात. लाज वाटते त्यांना. मीही बेल वाजवायला जाते आणि परत फिरते — काय म्हणून वाजवू? आता विचारायला काही उरलेलं नाही. त्या तिकडे एकट्या, मी इकडे. वास होता तेच बरं होतं!

सोमवार, २७ जानेवारी

बांगडे आणले. मीठमसाला लावून तळले. सोमवारी! जन्मात पहिल्यांदा. दार सताड उघडं ठेवलंय, पंखाही पॅसेजकडे फिरवलाय. साडेसात वाजत आलेत. करा आता तक्रार! फक्त लेखी नको — दारात येऊन करा.