वेलाची चौकट

॥ श्री महावीराय नमः ॥

सातारा
२१ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांस,
ब्राह्मीचा सा. न. आणि घरातल्या सगळ्यांना जय जिनेंद्र.

इकडे सगळं ठीक. पाऊस थांबत नाही, खोलीत कपडे वाळत नाहीत आणि मेसवाली रोज दोडका करते. आईच्या शेंगाचटणीवर निभत होतं, तीही संपली. तिला सांगा.

पत्र कशाला, असं म्हणाल. फोन केला की तुम्ही तो काउंटरवर ठेवून स्पीकर लावता आणि "साताऱ्यासनं आमची ब्राह्मी बोलतीया" म्हणून गिऱ्हाइकालाही माझ्याशी बोलायला लावता. हे बोलणं गिऱ्हाइकासमोर नको. भरतेशमामा उद्या सांगलीला निघालेत, त्यांच्या हाती देते. दुकान बंद केल्यावर वाचा.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही नेहमी विचारता आणि मी "ऑफिसचं" म्हणून मोकळी होते. तर ऐका. कंपनीत नोकरीसाठी आलेले अर्ज आधी माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. नाव, फोन, शिक्षण, अनुभव असं उचलून ते आपापल्या रकान्यात टाकतं, जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून बघतं आणि नंबर लावतं. वरचे अर्ज साहेबांकडे जातात. खालचे कुणी उघडतही नाही. ते अधूनमधून पुसून टाकायचं काम माझ्याकडे आहे.

परवा पुसायला बसले, तर नावाच्या रकान्यात दिसलं, "श्री गणेशाय नमः". फोन नंबर कोरा. शिक्षण, "बी.कॉम. रांगोळी प्रथम श्रेणी वाचन". जरा खाली आणखी एक श्री गणेशाय नमः. मग एक श्री महावीराय नमः. शेजारच्या टेबलावरचा जयराज म्हणाला, "आयला, देवांनीबी अर्ज टाकल्यात की गं!" सगळे हसले. मीही हसले. मग त्यातली एक फाईल उघडली. चारी बाजूंनी द्राक्षाचा वेल आणि उजव्या कोपऱ्यात घड.

अण्णा, तो वेल मी कुठंही ओळखेन. आई तासगावची, म्हणून तुम्ही तुमच्या लग्नपत्रिकेसाठी तो हातानं काढलात. पुढं तो आपल्या छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढला, गिऱ्हाइकांच्या पत्रिकांना, स्थळांच्या बायोडाटाला बसला, आणि मी पदवीधर झाले तेव्हा माझ्या रेझ्युमेला.

परवाच्या त्या वेलाच्या आत राजनंदिनी होती. आपल्या समोरच्या हळदीच्या दुकानातली, नानासोकाकांची. तिनं आमच्याकडे स्टोअरच्या जागेसाठी अर्ज केला होता. कॉलेजात होती तेव्हापासून वडिलांचं गोदाम तीच सांभाळते, हे तुम्हाला आणि सगळ्या पेठेला माहीत आहे. सॉफ्टवेअरला ते समजलंच नाही. ते सरळ आडवं वाचत जातं, डावीकडची ओळ आणि तिला लागून उजवीकडची, त्यामुळे दोन रकाने केले की खिचडी होते. वरच्या रंगीत पट्टीतला फोन नंबर त्याला दिसत नाही. पहिली ओळ म्हणजे माणसाचं नाव, एवढंच त्याला ठाऊक.

आता मुद्द्याचं. मला नोकरी लागली, तीही त्या चौकटीमुळे नव्हे.

सहा-सात महिने मी अर्ज टाकत होते आणि साधं नकाराचं पत्रही येत नव्हतं, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही दर खेपेला रंग बदलून द्यायचात. शेवटी माझ्या मैत्रिणीनं, मिरजेच्या जीनतनं, तो कागद बघितला. "हे काय गं, लगीन हाय का कुणाचं?" म्हणाली. तिनं वेल काढला, देवाचं नाव काढलं, फोटो काढला, रकाने मोडून सगळं एकाखाली एक लिहिलं. उरला तो अगदी उघडाबोडका कागद होता. तो पाठवला आणि आठवड्यात बोलावणं आलं.

तुम्हाला सांगायला फोन केला, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही ओरडलात, "चौकट पावली रं!" पेढे वाटलेत. तुमचा आनंद मोडवला नाही मला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

त्यानंतर तुम्ही माझा वेलाचा रेझ्युमे काचेत लावून काउंटरमागे टांगलात. आता पोरं येऊन "ब्राह्मी डिझाईन द्या" म्हणतात आणि तुम्ही ते हौसेनं देता. घरी आले की मी त्या काचेकडे बघायचं टाळते. आईच्या लक्षात आलंय बहुतेक.

तुमचं काम वाईट नाही, अण्णा. ते माणसांच्या डोळ्यांसाठी आहे आणि माणसं ते बघून खूश होतात. मला तुमचा अभिमान आहे, हे तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते. पण नोकरीच्या कागदाला आधी डोळे नसलेला वाचक भेटतो. त्याला एवढंच लागतं: पहिल्या ओळीत नाव, खाली फोन, एकच रकाना, साधा टाईप. राजनंदिनीनं "गोदाम बघते" लिहिलंय. जाहिरातीत त्याच कामाला जो शब्द आहे तोच लिहायला सांगा. खोटं काही घालायचं नाही, घालायची गरजही नाही.

मी तिला परस्पर कळवू शकले असते. पण मग ती आणि नानासोकाका तुमच्याबद्दल दुकानाबाहेर उभं राहून बोलतील, ते मला सोसणार नाही. आणि बाकीची पोरं कोण कोण, ते तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच सांगा. बाद झालेला अर्ज मला वर काढता येत नाही, तिला नवा टाकता येतो. महिनाअखेरीस जागा बंद होतील.

माझा तो उघडाबोडका कागद सोबत ठेवलाय. काचेतला काढून हा लावा. देवाचं नाव मी ह्या पत्रावर लिहिलंय, ते इथंच असू दे.

राखीपौर्णिमेला आले होते, तेव्हा राजनंदिनी काउंटरला टेकून म्हणाली होती, "दिवाळीपातूर लागली तर लागली नोकरी, न्हाईतर पप्पा स्थळं बघणार हायत." तुम्ही हसून म्हणालात, "मग काय, दोन्ही कामं आमच्याकडंच की!" तेव्हा मीही हसले होते. नोकरी नाही लागली, तर दिवाळीनंतर ती खरंच तुमच्याकडे येईल, स्थळांसाठी बायोडाटा करून घ्यायला. तोच वेल, तोच फोटो, फक्त अनुभवाच्या जागी मामाचं गाव. तो कागद मात्र कुठंच अडकणार नाही, अण्णा. पहिल्याच घरी पसंत पडेल.

आदिनाथांनी आपल्या ज्या लेकीला अक्षरं शिकवली तिचं नाव जिला ठेवलंत, ती
तुमच्याच दुकानात अक्षरं शिकलेली,
ब्राह्मी