सोंगाड्या मासा आणि तुझा डोळा

चि. सौ. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

भावोजींचा खोकला थांबला का? सूनबाईची कंबर कशी आहे? नातीला दात आले का? आणि तुझा डोळा?

मी मजेत आहे. मत्स्यालयाच्या काचा पुसतो, दोन वेळ पोटभर जेवतो.

इथे प्रवाळाच्या टाकीत एक बोटभर वैद्य मासा आहे. मोठे मासे त्याच्यापुढे आ करून थांबतात आणि तो त्यांच्या अंगावरचे किडे वेचून खातो. आता तिथे एक भामटा आलाय. तसेच निळे पट्टे, तसंच ठुमकत पोहणं. रोगी जवळ आला की हा शेपटीचा लचका तोडतो आणि बिळात पळतो. असल्या दळभद्र्याला मासा म्हणायचीही लाज वाटते. तिकीटवाली म्हणते, "काका, किती गोंडस आहे हो." म्हटलं, "आधी चावू दे, मग सांग." नवखे मासे फसतात, चावा खाल्लेले जुने त्याला वाऱ्यालाही उभं करत नाहीत.

तुझा नाक्यावरचा डॉक्टर त्याच माळेचा मणी. कालपर्यंत चष्मे विकत होता, पांढरा कोट चढवला की झाला डॉक्टर? त्याच्या थेंबांनी डोळा आणखी सुजला, तरी तू लिहितेस, "बोलतो फार गोड." गोडच बोलणार, कडू बोलून कोण फसतं? ती बाटली उकिरड्यात फेक आणि उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा.

उत्तर लगेच धाड, तेही तुझ्याच हातचं. मागच्या पत्रातल्या ओळी फार खाली घसरल्या होत्या गं.

तुझा दादा