माशाच्या डोळ्याची कड

५ जानेवारी २००४, सोमवार. सकाळ. नोएडा.
संकल्प: फॉरेन जर्नलमध्ये पेपर. प्रोफेसर होणे. विद्यार्थ्यांवर न ओरडणे.
माझी थिअरी इतकी सोपी आहे की लोकांना पटत नाही. माशाचा डोळा जन्मभर वाढतो, कारण त्याच्या कडेला स्टेम सेल्स असतात. शेजारच्या पेशी त्यांना सिग्नल पाठवतात: वाढा, डिव्हाइड होत राहा. औषध घालून सिग्नल बंद केला की वाढ बंद. बास! माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी रुचिता म्हणते, सर, उलट असेल. सिग्नल सांगत असेल की पुरे, आता चेतापेशी बन. सहा वर्षं लॅबमध्ये आहे आणि मलाच शिकवते! तिची फेलोशिप ३१ मार्चला संपते. थिसिसवर सही मात्र माझा पेपर निघाल्यावरच. शिस्त म्हणजे शिस्त.

११ जानेवारी, रविवार.
काय ही थंडी! विनयाचं विरजण लागेना. बुधवारी इथल्या मराठी मंडळाची संक्रांत, साठ माणसांचं श्रीखंड आमच्याकडे. बायको रडकुंडीला आली. मला एकदम सुचलं: लॅबचा इन्क्युबेटर, अठ्ठावीस डिग्री! पातेलं गाडीत घालून नेलं. आत जागा नव्हती, म्हणून औषध घातलेल्या अंड्यांच्या डिश टेबलावर काढल्या. बिनऔषधाच्या आतच राहू दिल्या. काळजी घ्यावी लागते. उद्या सगळं परत जागच्या जागी. एका दिवसाने काय होतंय?

१३ जानेवारी.
जिंकलो! औषधवाल्या पिल्लांचे डोळे बारीक. वाढ बंद!
रुचिता म्हणे, सर, डोळाच नाही, आख्खा मासाच वाढीत मागे आहे, थंडीत राहिल्यासारखा. डिश कोणी बाहेर काढल्या होत्या का, हे तिने माझ्याकडे बघत विचारलं. बिल्कुल नाही, म्हटलं. काढल्या होत्या, पण परत ठेवल्या ना! दह्याचं पातेलं तिने घासून ठेवलं होतं. आज्ञाधारक आहे, नाही म्हणायला. चक्का छान झालाय.

२७ जानेवारी.
रुचिताने प्रयोग तीनदा केला, सगळ्या डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवून. म्हणे, सिग्नल बंद केला तरी कडेच्या पेशी डिव्हाइड होतच राहतात, नुसती गर्दी करतात, चेतापेशी एकही बनत नाही. म्हटलं, बरोबर उत्तर येईपर्यंत करत राहा. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर समजावलं की काही हात सायन्ससाठी नसतात, पोळ्यांसाठी असतात. ती रडली. मी ओरडलो नाही, ही नोंद असावी. तिचे फोटो आणि वही माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली. उगाच कन्फ्युजन नको.

१६ फेब्रुवारी.
पेपर पाठवला. रुचिता म्हणाली, माझं नाव काढा. नाही काढलं. तिसरं आहे, राहू दे बिचारीचं. त्याला मोठं मन लागतं.

१ एप्रिल.
फेलोशिप संपली. तिचे वडील गाझियाबादहून आले होते, सहीसाठी हात जोडून उभे. पेपर निघू द्या, म्हटलं. ती गुडगावला कॉल सेंटरमध्ये लागली. तिथे म्हणे तिचं नाव रेचल. विनया म्हणाली, अहो, सहा वर्षांत त्या पोरीला तुम्ही काही होऊच दिलं नाहीत. हिला सायन्समधलं काय कळतंय!

३ मे.
एडिटरचं पत्र. त्यांचा परीक्षक विचारतो, औषधवाली अंडी किती तापमानाला होती? आख्खा मासाच मागे दिसतो. चोंबडा मेला!
लगेच उत्तर धाडलं: विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे डिश बाहेर राहिल्या, तिच्या कुठल्याच नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही, प्रयोग मी स्वतः पुन्हा करतो. ती तर सायन्स सोडून गेली, तिचं काय जातंय? फार हलकं वाटलं.

१४ जून.
पेपर नापास. त्याच टपालात नवं जर्नल आलं. त्यात परदेशातल्या एका लॅबचा पेपर, आणि त्यात रुचिताचंच म्हणणं, जसंच्या तसं. फोटोसुद्धा तसेच.
ड्रॉवर उपसून डायरेक्टरकडे धावलो. सर, हे बघा, जानेवारीच्या तारखा, जगात पहिले आपण! त्यांनी माझंच ३ मेचं पत्र पुढ्यात ठेवलं. एडिटर म्हणे सगळ्या लेखकांना कॉपी पाठवतो. रुचिताला गेली, तिने ती डायरेक्टरना आणून दिली. या मुलीच्या नोंदींवर भरवसा नाही, ही सही तुमचीच ना, असं विचारलं. वर म्हणाले, मग हे फोटो आता छापणार कोण, आणि तिचा थिसिस पास कोण करणार?
संध्याकाळी तिला फोन केला. सही करतो म्हटलं. ती म्हणाली, नुसत्या सहीने आता काय होणार सर? डिश मी बाहेर काढल्या नव्हत्या, एवढं एडिटरला लिहून द्या. दोन ओळी. मग थिसिसचं माझं मी बघेन.
बघतो, म्हटलं.
लिहिलं तर चौकशी लागेल. रिटायरमेंटला अजून नऊ वर्षं आहेत. लाज वाटते आहे. तरी नाही लिहिणार. तिलाही ते कळलं असावं. ठीक आहे सर म्हणाली आणि तिने फोन ठेवला.